शिक्क्याआडचा हत्ती

सरकारी नोकरीत ज्यांची दहा-बारा वर्षे गेली आहेत, त्यांना सिंहाचे भय उरत नाही. सकाळी आम्ही टेबलाशी बसतो तेव्हापासून संध्याकाळी कपाटाला कुलूप लावीपर्यंत सिंहच सिंह आमच्या हातांखालून जात असतात. पाकिटावर सिंह, पत्राच्या शिरोभागी सिंह, गळ्यातील ओळखपत्रावर सिंह. एखाद्या दिवशी टपाल जास्त असले, तर अशोकानेही आयुष्यात पाहिले नसतील इतके सिंह आमच्या शाईच्या गादीपासून आवक-जावक रजिस्टरापर्यंत फिरून येतात. इतका सहवास घडल्यावर माणसाचे लक्ष उडते, आणि मग एखाद्या रिकाम्या दुपारी ते एकाएकी परत येते.

अशाच एका दुपारी आम्ही त्या चिन्हाकडे नीट पाहिले. सारनाथच्या स्तंभशीर्षावर सिंह चार. कागदावर दिसतात तीन. चौथा पाठीमागे आहे, हे शाळेत सर्वांनाच सांगतात. परंतु सिंहांच्या पायाखालच्या पट्टीवर चार चाकांच्या मधोमध आणखी चार प्राणी आहेत, हत्ती, घोडा, बैल आणि धावता सिंह. आणि आपल्या राजचिन्हात त्यांपैकी घोडा आणि बैल एवढेच समोर येतात. हत्ती आणि तो दुसरा सिंह मागच्या अंगाला राहिले. 26 जानेवारी 1950 रोजी हे चिन्ह स्वीकारले गेले तेव्हापासून ते दोघे तिथेच उभे आहेत, दिसत नाहीत इतकेच. चिन्हाखालील उपनिषदातले बोधवाक्य सुटले, तर चिन्ह अपूर्ण मानावे असा नियम आहे, आणि त्याचा गैरवापर होऊ नये म्हणून 2005 चा स्वतंत्र कायदाही आहे. हत्ती सुटला याबद्दल मात्र कोणाची हरकत नाही.

आमची हरकत होती असेही नव्हे. परंतु आम्ही मूळचे चांद्याचे. आजच्या चंद्रपूरचे, असे म्हणा. आमच्या आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत चांदाच होता. चांद्याच्या माणसाला हत्ती आणि सिंह हे दोघे एकत्र न दिसले, तर कुठेतरी चुकल्यासारखे वाटते. कारण त्या गावाच्या कोटाला चार दरवाजे, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अचलेश्वर, आणि पाच खिडक्या. खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाने हा कोट घालावयास घेतला, असे परंपरा सांगते. दरवाज्यावर, मान वर करून पाहणाऱ्यालाच दिसेल अशा उंचीवर, गोंड राजांचे चिन्ह कोरलेले आहे: सिंहासारखा एक दणकट पशू, आणि त्याच्या पायाशी हत्ती. सिंह मोठा, हत्ती लहान. आम्ही शाळेत जाता-येता जटपुऱ्याखालून रोज दोनदा जात असू, आणि हत्ती एवढासा कसा, हा प्रश्न आमच्या बालबुद्धीने आजीला विचारून घेतला होता. "मार खाल्लेला माणूस लहानच दिसतो," असे तिने सांगितले. त्या वयात ते पुरले.

पुढे वाचनाचा नाद लागल्यावर समजले की हे चिन्ह एकट्या चांद्याचे नाही. शिवनेरी आणि रायगड येथील दरवाज्यांवरही हत्तींना नमवणारा शरभ आहे. जंजिऱ्याच्या दारावरच्या पशूने तर पंजांत, तोंडात आणि शेपटीत मिळून सहा हत्ती धरले आहेत. कोणार्कला, खजुराहोला हाच प्रकार. पंडित त्याचे अर्थही निरनिराळे लावतात. कोणी म्हणतात सिंह म्हणजे राजा, हत्ती म्हणजे वैरी; कोणी सिंहाला ज्ञान आणि हत्तीला मद मानतात. अर्थ लावणाऱ्याने कोणत्या बाजूचे मीठ खाल्ले आहे यावर बरेच अवलंबून असावे. परंतु इतर ठिकाणी हे शिल्प दाराची शोभा म्हणून आहे, आणि गोंडवनात ते घराण्याची ओळख म्हणून आहे, हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. आजही गोंड समाजाच्या मेळाव्यांत, झेंड्यांवर, कमानींवर, चारचाकी गाड्यांच्या काचांवर हाच सिंह आणि हाच हत्ती दिसतो, मग गाव चंद्रपूर असो, बालाघाट असो की मंडला.

विलायतेत ज्याला कोट ऑफ आर्म्स म्हणतात त्याची कथा थोडी वेगळी. तिकडे बाराव्या शतकात लोखंडी शिरस्त्राणात तोंड झाकलेला सरदार ओळखावा कसा, म्हणून ढालीवर चिन्हे आली. मग ती वंशपरंपरेने चालू लागली, आणि 1484 मध्ये लंडनला त्यांचे दप्तर ठेवणारी स्वतंत्र संस्थाच निघाली. ही विद्या इंग्रजांनी येथे आणली ती मोठ्या थाटात. 1 जानेवारी 1877 च्या दिल्ली दरबारात लॉर्ड लिटनने संस्थानिकांना त्यांची चिन्हे भरतकामाने काढलेले रेशमी ध्वज वाटले. रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालच्या मुलकी नोकराने ही चिन्हे जुळवली होती. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर या आपल्या मराठी दौलतींनाही त्यांची चिन्हे अशी एका इंग्रज कारकुनाच्या हातून मिळाली. (कारकून म्हटलेले त्याला आवडले नसते, परंतु जो दुसऱ्याच्या नावाने मसुदा तयार करतो त्याला आमच्यात हाच शब्द आहे.) नागपूरकर भोसल्यांना ध्वज मिळावयाचे कारणच नव्हते, त्यांचे राज्य 1854 मध्येच खालसा झाले होते. शहरांनाही चिन्हे मिळाली. कलकत्त्याच्या महापालिकेच्या जुन्या चिन्हावर तर हरगिला हा घाण खाऊन गाव साफ ठेवणारा उंच पक्षी होता. आमच्या मते इतके प्रामाणिक नगरचिन्ह दुसरे झाले नाही.

हे सर्व आम्ही कधीतरी टिपून ठेवले असते आणि विसरलोही असतो, पण गेल्या वर्षी आमच्या चिरंजिवांच्या शाळेतून एक चिठ्ठी आली. अपने नगर का प्रतीक-चिह्न बनाइए और उसका अर्थ पाँच वाक्यों में लिखिए. चिरंजीव चौथीत आहेत. त्यांचा जन्म येथला, बोली अर्धी येथली, आणि क्रिकेटच्या भांडणात ते जे शब्द वापरतात ते तर सर्वस्वी येथले. त्यांनी रंगपेटी पुढ्यात घेऊन विचारले, "बाबा, आपलं नगर म्हणजे जबलपूर ना?"

बाहेरगावी नेमणूक असलेल्या ज्या वाचकांना मुले आहेत, त्यांना या प्रश्नातले काय ते निराळे सांगावयास नको. 'हो' म्हणावे, तर जटपुऱ्याखालून दोन पिढ्या गेल्या त्यांचे काय? 'नाही' म्हणावे, तर ज्या मातीत मुलगा रांगला ती कोणाची? त्यातून आमची बदली केव्हाही होऊ शकते. मग तिसऱ्याच गावचे चिन्ह काढावे लागेल. आम्ही उत्तर द्यावयास जो अवकाश घेतला तो घरातून लक्षात आला असावा. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, त्याला काय ते एकदाचं सांगा. उद्या सोमवार आहे."

आम्ही 'हो' म्हणालो, आणि कामाला लागलो.

आता जबलपूरचे चिन्ह कोणते म्हणावे? जो शोधू लागेल त्याला या एका गावाच्या आसपास एक सोडून तीन-चार सापडतील. सर्वांत जुने तेवरचे. भेडाघाटच्या वाटेवरचे आजचे तेवर म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. त्यांच्या ताम्रपटांवरील मुद्रेत मध्यभागी लक्ष्मी, दोन्ही बाजूंनी तिच्यावर घटांतून पाणी घालणारे हत्ती, 'श्रीमत्कर्णदेव' असे राजाचे नाव, आणि खाली बसलेला नंदी. या घराण्याचे लेख एकत्र करून 1955 मध्ये प्रसिद्ध केले ते नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशींनी, म्हणजे हे चिन्ह जगापुढे मांडण्याचे काम एका मराठी माणसाच्या हातून झाले. येथला हत्ती मार खात नाही. तो देवीला स्नान घालतो.

मग गढा. जबलपूरला लागूनच असलेले हे आजचे उपनगर गोंडांच्या गढा-मंडला राज्याचे मूळ ठाणे. येथे चिन्ह पुन्हा चांद्याचे, हत्ती खाली, सिंह वर. आजीचा अर्थ आम्ही इतकी वर्षे सांभाळून होतो, परंतु 'ऐने-अकबरी'त गढ्याविषयी एक गोष्ट वाचली आणि त्या अर्थाला तडा गेला. तेथील रयत सारा मोहरांत आणि हत्तींत भरते, असे अबुल फजल लिहितो. हत्तींत! ज्या राज्याच्या खजिन्यात हत्ती जमा होतो, तेथे तो शत्रू कसा असेल? तो वसूल आहे. 1564 मध्ये अकबराचा सरदार आसफखान या राज्यावर आला; राणी दुर्गावती 24 जूनला नर्रई नाल्यापाशी आपल्या सरमन हत्तीवरून लढत असता बाणांनी घायाळ झाली आणि पकडली जाण्यापेक्षा तिने स्वतःच्या हातांनी कट्यार खुपसून घेतली. त्यानंतर आसफखानाच्या हाती एक हजार हत्ती लागले, आणि त्याने बादशहाकडे पाठवले फक्त दोनशे. बाकी आठशेंचा हिशेब अकबराने पुढे मागितला, हे कोणत्याही लेखा कार्यालयातल्या माणसाला ऐकून बरे वाटेल. तेव्हा आमचा आपला अर्थ असा, की त्या दगडावर कोणी कोणाला मारलेले नाही; ज्याच्या खजिन्यात हत्ती येतात तो सिंह, एवढेच ते सांगते, आणि सिंहही तेव्हा नुसता कल्पनेतला नव्हता, एकोणिसाव्या शतकापर्यंत मध्य भारतात तो होता. हत्ती लहान का, याचे उत्तरही मग सोपे होते. हिशेबात प्रत्येक वस्तू लहानच काढतात.

हा अर्थ चिरंजिवांना सांगून आम्ही मोकळे होणार होतो. पण अर्थाच्या मागे आणखी एक पान असते, आणि ते मराठी माणसाला उलटावे लागते. 1742 मध्ये पेशवे मंडल्यावर आले आणि चौथ बसवून गेले. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य संपवले, आणि आपले मुख्य ठाणे केले ते जबलपुरास. हे गाव कचेऱ्यांचे गाव झाले ते तेव्हापासून, आणि त्या कचेऱ्यांत बसून मोडीत वसुलाच्या याद्या लिहिणारे कोण होते हे सांगण्याची गरज नाही. पुढे 1798 च्या सुमारास हा मुलूख नागपूरकरांकडे गेला आणि 1817 च्या डिसेंबरात इंग्रजांकडे. चांद्याचे तेच. 1751 मध्ये तेथले गोंड राज्य घेतले ते रघूजी भोसल्यांनी. म्हणजे आम्ही जन्मलो ते गाव आणि आम्ही नोकरी करतो ते गाव, दोन्हीकडच्या दरवाज्यांवरून सिंह खाली उतरवणारे लोक आमचेच. आम्ही शाळेत शिकलेल्या इतिहासात हे एका वाक्यात होते, आणि त्या वाक्याचा कर्ता विजयी होता.

तथापि नागपूरची एक गोष्ट आम्हांला फार दिवस विचारात पाडून राहिली आहे. रघूजींनी 1743 मध्ये देवगडच्या गोंडांचे राज्य हाती घेतले, परंतु बुऱ्हाणशहा या गोंड राजाला नागपुरात नावाचा राजा म्हणून ठेवले. भोसल्यांपैकी कोणी गादीवर बसला की त्याच्या कपाळी टिळा लावण्याचा मान गोंड राजाचा. आणि काही महसुली कागदांवर शिक्का त्याचाच लागे. विचार करा: फौज भोसल्यांची, तिजोरी भोसल्यांची, लिहिणारा कारकून भोसल्यांचा, आणि कागद पुरा व्हावयाचा तो गोंडाचा शिक्का उमटल्यावर. ज्याच्याकडून सर्व घेतले त्याच्या मुद्रेवाचून चालेना. त्या कारकुनाला शिक्का आणावयास रोज कोणाच्या दारी जावे लागत असेल, किती वेळ ताटकळावे लागत असेल, 'राजेसाहेब स्नानाला बसले आहेत' हे किती वेळा ऐकावे लागले असेल, याचे चित्र आम्ही टेबलाशी बसून पुष्कळदा रंगवले आहे. त्या माणसाशी आमचे रक्ताचे नसेल, पण शाईचे नाते आहे.

जबलपुरातल्या गोंडांना तेवढाही मान राहिला नाही. घराण्याचे वंशज शंकरशहा आणि त्यांचे पुत्र रघुनाथशहा पेन्शनीवर गढ्याजवळ राहत असत. 1857 मध्ये त्यांच्या घराची झडती झाली. राजाच्या कागदांत देवीची एक प्रार्थना सापडली, शत्रूंचा संहार कर अशी, आणि ती लिहिलेली होती सरकारी जाहीरनाम्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. 18 सप्टेंबर 1857 रोजी दोघा बापलेकांना तोफेच्या तोंडी दिले. सरकारी कागदाचा पाठकोरा भाग आम्हीही वापरतो, हिशेबाची बेरीज करावयास, किराणा मालाची यादी लिहावयास. त्या प्रार्थनेविषयी वाचल्यापासून असा कागद उलटताना हात क्षणभर थांबतो खरा.

आणि चौथे चिन्ह कापडाचे. 1923 च्या मार्चमध्ये टाऊन हॉलवर राष्ट्रीय झेंडा लावण्यावरून येथे जो वाद पेटला, त्यातूनच झेंडा सत्याग्रह निघाला आणि मग नागपूरला जाऊन देशभर गाजला. नगरपालिकेच्या इमारतीवर कोणते चिन्ह असावे, हा प्रश्न या गावाने तुरुंगात जाऊन सोडवला आहे. 1939 च्या त्रिपुरी काँग्रेसच्या वेळी अध्यक्षांच्या मिरवणुकीला बावन्न हत्ती होते, तेव्हा हत्तीही अगदीच विसरला गेला नव्हता.

हे सगळे नऊ वर्षांच्या मुलाला पाच वाक्यांत कसे सांगावे? रविवारी संध्याकाळी आम्ही त्याला घेऊन घाटावर गेलो. आमचे बिऱ्हाड ग्वारीघाटलाच आहे. घाट पायी दहा मिनिटांवर. ज्यांनी पूर्वी जबलपुरात नोकरी केली आहे, त्यांना येथले छोट्या गाडीचे स्टेशन आठवत असेल. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी नैनपूर, बालाघाट करीत गोंदियाला जाई, आणि तेथून पुढे नागभीडवरून चांदा फोर्टपर्यंत वाट होती. 2015 मध्ये इकडची छोटी लाइन बंद झाली. आता मोठे रूळ आहेत आणि जबलपूरहून चांदा फोर्टला सरळ गाडी जाते. आमची आई पहिल्यांदा तिने आली तेव्हा म्हणाली, "दोन्हीकडे किल्लाच उरला, राजा कुठेच नाही."

घाटावर आरतीची तयारी चालली होती. पाण्यात मधोमध असलेले छोटे देऊळ अर्धे बुडाले होते. वर बरगीच्या धरणातून पाणी सोडले असावे. परिक्रमेला निघालेली चार-पाच माणसे पायऱ्यांवर काठ्या टेकून बसली होती, त्यांत दोन आजीबाई आपल्या बोलीतल्या, बहुधा वऱ्हाडातल्या. चिरंजिवांनी थेट नाववाल्यालाच विचारले, की या गावाचे चिन्ह काय. म्हातारा वल्हे ठेवून हसला. "और क्या होगा बेटा? मैया का मगर." आणि त्याने दुकानातल्या तसबिरीकडे बोट केले. नर्मदा मगरीवर बसलेली, हातात कमळ, मगर तोंड वर करून शांतपणे पोहते आहे.

चिरंजीव पुष्कळ वेळ ती तसबीर पाहत राहिले. "हिने मगरीला मारलं नाही?" त्यांनी विचारले.

"नाही. ती तिचं वाहन आहे."

"मग सिंहाने हत्तीला का मारलं?"

"मारलं नाही. आमच्या मते," आम्ही म्हणालो. त्यावर मोहरा, सारा, अबुल फजल असे आमचे विवेचन सुरू झाले. वऱ्हाडातल्या आजीबाईंपैकी एक माळ ओढता ओढता ऐकत होत्या. आमचे संपल्यावर त्या म्हणाल्या, "बाबू, हत्तीले इचारलं का कोणी?" आणि पुन्हा माळ ओढू लागल्या.

चित्र रात्री पुरे झाले. सिंह आहे, हत्ती आहे, पण एकावर एक नाही. दोघेही गुडघाभर पाण्यात शेजारी उभे आहेत, आणि हत्ती सिंहापेक्षा मोठा आहे, जसा तो असतो. मागे जटपुऱ्यासारखा एक दरवाजा, त्यावर झेंडा, आणि पाण्यात एका कडेला मगरीचे फक्त नाकाडे. पाच वाक्यांतली चार जबलपूरविषयी होती. पाचवे असे होते, की माझ्या बाबांच्या गावाला पण हेच चिन्ह आहे, म्हणून आम्हांला दोन गावे आहेत. हिंदीत लिहिताना 'गाव' शब्द त्यांनी तसाच ठेवला होता.

कागद बुधवारी परत आला. दहापैकी सात गुण. बाईंनी लाल शाईने नीट अक्षरात लिहिले होते, "चित्र सुंदर, परंतु शेर हाथी के ऊपर होना चाहिए." घरातून तो कागद चंद्रपूरला आजीकडे पाठवावा असे ठरले. पाकीट आम्ही साधे घेतले, घरचे टपाल म्हणून; त्यावर सिंह नव्हता.